त्यांना विचारा, मत कसं दिलं

सिअ‍ॅटल, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

धान कापून झाले असतील, पुंजणे लागले असतील. दादाने फोनवर सांगितलं की बोडीवरची पाण्याची मोटार आणि केबल चोरीला गेली, तुम्ही तीनदा ठाण्यात गेलात आणि दर वेळी साध्या अर्जावर शिक्का मारून तुम्हाला परत पाठवलं. तेव्हापासून जीव तिकडेच लागला आहे. त्यातच काल इथे एक सभा झाली. तिथे बसल्या बसल्या सारखे तुम्हीच आठवत होता, म्हणून सविस्तर लिहिते.

वॉशिंग्टन राज्याची विधानसभा ऑलिंपियाला भरते. आमच्या मतदारसंघातून निवडून गेलेल्या बाई शाळेच्या जेवणघरात आल्या होत्या. हार नाही, मंच नाही, चाळीसेक खुर्च्या. हातात एक कागद होता. पोलिसांविषयीच्या कोणत्या कायद्यावर त्यांनी कोणत्या साली हो म्हटलं आणि कुठे नाही, ते त्यावर लिहिलेलं. प्रत्येकाला एकेक प्रत दिली.

मे २०२० मध्ये मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये इथून तासाभरावरच्या टॅकोमात मॅन्युएल एलिसही पोलिसांनी जमिनीवर दाबून धरलेला असताना गेला. (त्या खटल्यातले तिन्ही पोलीस २०२३ च्या डिसेंबरात निर्दोष सुटले.) या लाटेत २०२१ साली इथल्या विधिमंडळाने एकामागून एक कायदे केले. गळा आवळायला बंदी, सहकारी अतिरेक करत असेल तर त्याला अडवणं पोलिसाचं कर्तव्य, आणि पळणाऱ्या गाडीचा पाठलाग फार थोड्या गुन्ह्यांपुरता. साध्या संशयावर पाठलाग जवळजवळ बंदच झाला, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा तेवढा अपवाद.

मग लोक ओरडू लागले की पोलिसांसमोरून गाड्या बिनधास्त पळतात. २०२३ मध्ये नियम थोडा सैल केला. २०२४ च्या मार्चमध्ये, लोकांनी सह्या गोळा करून आणलेला प्रस्ताव प्रतिनिधिगृहात ७७ विरुद्ध २० मतांनी मंजूर झाला आणि वाजवी संशयावर पाठलाग करायची मुभा पोलिसांना बरीचशी परत मिळाली, इतरांच्या जिवाला धोका असेल तर. यंदा तर पोलीस भरतीसाठी १० कोटी डॉलर दिले.

जाकीट घातलेला एक सुतार उठला. त्याची अवजारांनी भरलेली व्हॅन चोरीला गेली होती. म्हणाला, "२०२१ ला तुम्ही हो म्हटलंत, २०२४ ला उलट्या कायद्यालाही हो म्हटलंत. नेमकं काय समजायचं?" बाबा, त्या बाईंनी नजर चुकवली नाही. म्हणाल्या, पाठलागात रस्त्यावरची निरपराध माणसं मरतात, म्हणून पहिलं मत दिलं. रेघ फार अलीकडे ओढली गेली असं नंतर वाटलं, म्हणून दुसरं दिलं. गळा आवळायच्या बंदीवरचं मत मात्र कधीच बदलणार नाही. मागे बसलेली एक बाई रडत म्हणाली, "माझा भाऊ पाठलागात गेला, तुम्ही परत तेच आणलंत." तिला दिलेलं उत्तर मला पटलं नाही, गुळमुळीत होतं. पण त्या दोघींत कागद होता, त्यावर नाव होतं, आणि उत्तर देणं भाग होतं.

आता आपल्याकडचं बघा. जनसुरक्षा विधेयक यंदा १० जुलैला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं. बेकायदा ठरवलेल्या संघटनेचं नुसतं सदस्य असलं तरी तीन वर्षांपर्यंत, तिचं बेकायदा काम केलं तर सात वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र. कारण नक्षलवादाचं दिलं, म्हणजे नाव आपल्याच गडचिरोली जिल्ह्याचं घेतलं गेलं. पण आवाजी मतदानात कोण काय म्हणालं त्याची नोंद राहत नाही. सदस्यांनी मतविभाजन मागितलं तरच नावं कागदावर येतात. म्हणजे आपल्या आमदाराने काय केलं, हे आपल्याला त्यांच्याच तोंडून ऐकावं लागणार.

पोलिसांचे कायदे आपल्या मातीला किती लागतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वडशाच्या ठाण्यातलं १९७२ चं प्रकरण आत्याबाई अजून दबक्या आवाजात सांगतात. एक आदिवासी पोर, ठाण्यातच बलात्कार झाल्याची तक्रार, आरोपी दोन पोलीस. नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिलं. देशभर बाया रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला. ठाण्यात, कोठडीत झालेल्या अत्याचारात संमती नव्हती असं बाईने सांगितलं, की न्यायालयाने ते खरं धरून चालायचं. वडशापासून आपलं गाव कितीसं लांब!

मला इथे मत नाही. तुम्हाला आहे, दादाला, वहिनीला आहे. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरेल, त्याआधी गावच्या मंडईच्या जत्रेत नाटकाला आमदार येतीलच, पहिल्या रांगेत बसतील. नारळ फुटायच्या आधी उभे राहा आणि विचारा : जनसुरक्षेवर तुम्ही होय म्हटलं की नाही, आणि का? "आपल्याले का करा लागते" असं म्हणू नका बाबा, पाया पडते. पुढच्या विधेयकाला मतविभाजन मागाल का, हेही विचारा. उत्तर वहीत तारखेसकट लिहून ठेवा.

आणि मोटारीचं : नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत फिर्यादीला लगेच आणि फुकट द्यावी लागते. शिक्क्याच्या अर्जावर परत येऊ नका. ठाण्यात घेतच नसतील तर तोच मजकूर रजिस्टर पोस्टाने गडचिरोलीला पोलीस अधीक्षकांना पाठवा, ती सोय त्याच कलमात आहे. मोटारीच्या पावतीची झेरॉक्स जोडा. पावती आईच्या पेटीत, रेशनकार्डाच्या खाली असेल, मीच ठेवली होती.

आईला नमस्कार, लेकरांना गोड पापा. प्रत मिळाली की दादाला तिचा फोटो पाठवायला सांगा.

तुमची,
ताई