दरफलक लागला, पण बिल किती होणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि खासगी रुग्णालयांना दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. काही ठिकाणी फलक ठळक दिसतो, काही ठिकाणी तो कॅशिअरच्या पाठीमागे साध्या कागदावर चिकटवलेला असतो. पण अगदी नीट लावलेला फलक वाचूनही सिझेरियनला एकूण किती लागतील, याचा पत्ता लागत नाही.

कारण फलकावर सुटे दर असतात : खाट, नर्सिंग, भूल, ऑपरेशन थिएटर, ऑक्सिजन. किती दिवस आणि किती वेळा, हे त्यावर नसते. मेडिकलचे बिल तर त्यात येतच नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. आयव्ही सेट, हातमोजे, कॅथेटर यांची छापील किंमत आणि रुग्णालयाची खरेदी किंमत यांत मोठे अंतर असते. केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आढळला होता. त्याच्या आदल्याच वर्षी स्टेंटची, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीची, किंमत बांधली गेली होती. एका वस्तूचा भाव बांधला की नफा न बांधलेल्या वस्तूंवर सरकतो. सुट्या दरांवर नजर ठेवून म्हणूनच फारसे साधत नाही. एकूण बिल उघड व्हायला हवे.

ते अवघड नाही. रुग्णालयाच्या नोंदणीचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण होते. त्या अर्जासोबत सिझेरियन, अपेंडिक्स, हर्निया, मोतीबिंदू, खुब्याचे फ्रॅक्चर अशा ठरावीक शस्त्रक्रियांचे मधले बिल मागावे, म्हणजे निम्मी बिले ज्याच्या खाली आणि निम्मी वर असतात तो आकडा. मेडिकल, पॅथॉलॉजी, इम्प्लांट सगळे धरून. सरासरी मात्र घेऊ नये; आयसीयूत पंधरा दिवस राहिलेला एकच रुग्ण सरासरी फुगवून टाकतो. गुंतागुंतीच्या केसेस वेगळ्या दाखवाव्यात, म्हणजे डॉक्टरांचीही तक्रार राहणार नाही. चोपडा किंवा साक्रीसारख्या ठिकाणच्या दहा खाटांच्या दवाखान्यात वर्षाला केसेस थोड्या होतात, तिथे तीन वर्षांच्या एकत्र धराव्यात.

मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचेही असेच, कागदावर आहे पण ऐनवेळी हाती येत नाही. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होता; आज पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. तरी अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात रात्री आलेला रुग्ण रोखीत दाखल होतो, कारण आरोग्यमित्र (रुग्णांच्या मदतीला योजनेने नेमलेला माणूस) जागेवर नसतो किंवा रेशन कार्डाचा बारा अंकी क्रमांक सापडत नाही. तातडीच्या केसमध्ये फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, हे नातेवाइकांना कुणी सांगत नाही. एकदा पैसे भरले की ते परत मिळवणे जिकिरीचे. दाखल करतानाच योजनेच्या मदत क्रमांकावर, १५५३८८ वर, फोन लावावा. नवापूर, नंदुरबारकडचे रुग्ण सुरतेला जातात. आयुष्मान कार्ड तिथल्या अंगीकृत रुग्णालयांत चालते, नुसत्या राज्य योजनेच्या भरवशावर मात्र जाऊ नये.

रुग्णालयांतल्या नोंदी नियोजनालाही लागतात. आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष झाला. पण धडगावची बाळंतीण नंदुरबारला का पाठवावी लागते, भूलतज्ज्ञ नाही म्हणून की रक्त नाही म्हणून, हे केंद्रे मोजून कळत नाही. रुग्णाला पुढच्या रुग्णालयात पाठवताना देतात त्या संदर्भ चिठ्ठीवर कारण लिहिलेले असते. त्या चिठ्ठ्यांची तालुकावार बेरीज जिल्हा नियोजन समितीपुढे दर तिमाहीला यावी.

तोवर रुग्णांनी एवढे करावे : लेखी अंदाजपत्रक मागावे, त्यात भूलतज्ज्ञ, इम्प्लांट आणि मेडिकल धरले आहे का ते विचारावे. औषधे बाहेरून घेता येतात. स्टेंट बसवला असेल तर बिलावर कंपनी, ब्रँड आणि बॅच क्रमांक स्वतंत्र हवा. केसपेपरच्या प्रती अर्ज केल्यापासून ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.

आपले,
रुग्णहक्कांचे काम करणारे काही वाचक, अमळनेर