अळीला जागा द्या

महोदय,

बागेत फुलपाखरे यावीत म्हणून लोक हौसेने फुलझाडे लावतात आणि पानावर अळी दिसली की लगेच औषध फवारतात. अळीच मारली तर फुलपाखरू येणार कुठून? मध फुलपाखराला अनेक फुलांतून मिळतो, पण बहुतेक जातींच्या अळ्या ठराविक झाडांचीच पाने खातात. कुणी लिंबाची, कुणी रुईची. ही झाडे बागेत असू द्यावीत आणि कुरतडलेली पाने बघून जीव कासावीस होऊ देऊ नये. चिमणीसारखे दाणे टिपणारे पक्षीही पिल्लांना सुरुवातीला किडे-अळ्याच भरवतात. फवारणीने मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड मरते, तसा मावा खाणारा ढालकिडाही मरतो.

पानगळीत तर आपण फारच घाई करतो. वाळलेला पाचोळा झाडून जाळला जातो, आणि त्यातले कोश, कोळी, गोगलगायी त्याच्याबरोबर जळतात. तो झाडांच्या बुंध्याशीच पसरावा, मातीतला ओलावाही टिकतो. थोडी जमीन उघडी ठेवावी, कारण एकट्या राहणाऱ्या अनेक मधमाश्या मातीत बिळे करून अंडी घालतात.

उन्हाळ्यात पक्षी-किड्यांसाठी पसरट भांड्यात पाणी आणि बसायला दोन-तीन दगड पुरतात. मात्र पाणी रोज बदलावे, नाहीतर डासांची पैदास होते. पावसाळ्यात पाणथळ कोपरा मिळाला तर बेडूक आपणहून येतात. छाटणीपूर्वी फांद्यांत घरटे नाही ना, हे नीट पाहावे. असल्यास पिल्ले उडेपर्यंत कात्री बाजूला ठेवावी.

— एक बागप्रेमी वाचक