गिटच्या तपासणीची नोंद वाचण्याजोगी करणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

आमच्या रेपॉझिटरीवर, म्हणजे गिट या प्रणालीत सांभाळलेल्या कोडच्या साठ्यावर, रात्री चालणाऱ्या ‘गिट एफएससीके’ची (साठा शाबूत आहे का, हे पाहणाऱ्या तपासणीची) नोंद आपण वाचण्याजोगी करून दिलीत, त्याचे आभार तोंडी मानून भागत नाही, म्हणून हे पत्र.

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेऊन जुन्या आकड्यावर नवा लिहू देणारे कॅरेज रिटर्न हे अदृश्य चिन्ह फाइलमध्ये काहीच पुसत नाही, त्यामुळे पूर्वी नोंद उघडली की २५६ ऑब्जेक्ट डिरेक्टरींची (गिट आपल्या डेटाचे तुकडे, म्हणजे ऑब्जेक्ट, ज्यांत ठेवते त्या फोल्डरांची) मोजदाद एकाच लांबलचक ओळीत चिकटून येत असे. खरे तर समोर टर्मिनल नसेल तर गिट हे आकडे आपणहून दाखवत नाही. पण आमच्या स्क्रिप्टमध्ये कोणीतरी ‘प्रोग्रेस’चा पर्याय सक्तीने घालून ठेवला होता. एखादे ऑब्जेक्ट खराब असल्याची एरर ‘७२/२५६’च्या शेपटीला लटकलेली असायची, आणि तिच्याखाली ‘डँगलिंग’च्या, म्हणजे कशालाच न जोडलेल्या ऑब्जेक्टच्या, ओळींची रांग; अशी ऑब्जेक्ट रिबेस किंवा अमेंडनंतर, म्हणजे आधीचे बदल नव्याने लिहिल्यावर, उरू शकतात आणि त्यांनी काही बिघडत नाही.

हे गाऱ्हाणे ज्यांच्याकडे आधी नेले होते, त्यांनी “तपासणी चालते ना? मग दिसण्याला काय चाटायचंय?” असे ऐकवून वाटेला लावले. आपण मात्र कामाला हात घालण्याआधी एवढेच विचारलेत, “ही नोंद तुम्ही कशावर वाचता?” मेलमधून, मोबाइलवर, असे म्हणताच आपण माझा फोन मागून घेतलात आणि त्या छोट्या पडद्यावर ती ओळ बोटाने सरकवत शेवटापर्यंत स्वतः वाचलीत. हुशार माणसे आपल्या क्षेत्रात कमी नाहीत, पण दुसऱ्याला काय दिसते ते त्याच्या जागी बसून पाहण्याची सभ्यता फार थोड्यांकडे असते, आणि ती पदावर किंवा पगारावर अवलंबून नसते, हे मी त्या दिवशी पाहिले.

तांत्रिक तपशिलात शिरत नाही. आता एरर स्वतंत्र ओळीवर येते आणि ऑब्जेक्टचे ४० अक्षरी नाव अखंड कॉपी करता येते. हाताने तपासणी करणाऱ्यासाठी टर्मिनलवरचे आकडे आपण राखलेत, हेही योग्यच झाले. मोठ्या रेपॉझिटरीत काही हलताना दिसले नाही, तर माणूस कंट्रोल-सी दाबून तपासणी मध्येच थांबवून मोकळा होतो.

रात्रपाळीला नव्याने आलेल्या मुलाने परवा एररमधले नाव घेऊन ते ऑब्जेक्ट बॅकअपमधून परत आणले आणि मला निरोप दिला तो सकाळी, सगळे झाल्यावर. त्याला जुनी नोंद दाखवली, तर फाइलच करप्ट झाली आहे, असे त्याने गंभीरपणे सांगितले.

आपला आभारी,
रात्रपाळीतला एक सहकारी