ब्रश, फ्लेक्स आणि माझी नवी नोकरी

डोंबिवली

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. न.

फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून लिहितेय. फोनवर बाबा दोन मिनिटांत "बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आई थेट जेवलीस का, काय जेवलीस यावर येते. तर मुद्दा असा, की पुढच्या महिन्यापासून मी जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून फॉन्ट, म्हणजे कॉम्प्युटर-फोनवर उमटणारी अक्षरं, बनवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओत जातेय. पगार 45 हजारांवरून 36 हजारांवर येईल. त्यामुळे निदान दिवाळीपर्यंत घरी पैसे थोडे कमी येतील. आईच्या औषधांचे आणि पतसंस्थेच्या हप्त्याचे वेळेवर येत राहतील, त्याची काळजी नको.

आता बाबांचा प्रश्न. एआय एका मिनिटात लोगो करून देतं तो व्हिडिओ तुम्ही पाठवलात आणि खाली लिहिलंत, "फ्लेक्स आलं तेव्हा आमचं झालं, तेच आता तुमचं होणार काय?" तेव्हा मी ऑफिसात होते, म्हणून नुसती हसरी बाहुली टाकली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि हाताने दुकानांचे बोर्ड रंगवलेल्या तुमच्याइतका तो विचारायचा हक्क दुसऱ्या कुणाचा नाही.

फ्लेक्सची अक्षरं तुमच्यापेक्षा चांगली होती म्हणून गिऱ्हाईक तिकडे गेलं नव्हतं. इचलकरंजीत मलाबादे चौकातले ते पहिले फ्लेक्स मला चांगले आठवतात. जागा भरायची म्हणून अक्षर आडवं ताणायचे. काना खांबासारखा जाड आणि शिरोरेषा तेवढीच बारीक. तुम्ही आधी फळी मोजायचा, खडू लावलेल्या दोरीचा फटका मारून रेघा पाडायचा आणि मगच ब्रश उचलायचा. 'महालक्ष्मी किराणा व भुसार' आठ फुटांत बसवताना 'क्ष्मी'ला ऐसपैस जागा हवी म्हणून मधला 'व' बारीक करून वर उचलायचा. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. पण दुकानदाराचं उद्घाटन उद्यावर आलेलं असायचं आणि तुमचा बोर्ड वाळायलाच दोन दिवस लागायचे. स्वस्त आणि लगेच, एवढ्यावर तो गेला.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: हो, बरंच काम जाणार. कंपनीत मी मुख्यतः सणासुदीच्या पोस्ट करत होते. पाडव्याला गुढी, संक्रांतीला पतंग, कोपऱ्यात लोगो, आणि सिमेंटवाल्याच्या शुभेच्छा लोणच्यावाल्याला लावल्या तरी कुणाला कळायचं नाही. हे काम मशीनने केलं तर मला रडू येणार नाही. ज्या पोरापोरींचा पहिला पगार त्यावर चालतो त्यांचं काय, हे मात्र मलाही सुचत नाही.

आमच्याकडे नवीन मुलं येतात ती पहिला प्रश्न विचारतात, इन्स्पिरेशन कुठून घेतेस? विचारतानाच पिंटरेस्ट आणि बिहान्स या डिझाइनच्या साइट्स उघडलेल्या असतात. सगळ्यांच्या स्क्रीनवर तीच चित्रं, तेच रंग, तेच गोल गुबगुबीत अक्षर. आणि गंमत म्हणजे एआयही अशाच चित्रांच्या ढिगावर शिकलंय. जे तिथूनच घेतात त्यांची स्पर्धा सरळ मशीनशी आहे, आणि त्यात माणूस हरणार. मी त्यांना कमल शेडगे दाखवते. टाइम्स ऑफ इंडियात नोकरी करत त्यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी इतकी नावं लिहिली, आणि दर नाटकाचं अक्षर वेगळं. पेपरातल्या चार बोटं जागेत काळ्यापांढऱ्यात कळायचं, की नाटक हसवणारं आहे की पौराणिक. 2020 मध्ये ते गेले तेव्हा आमच्या वर्गाच्या ग्रुपवर दिवसभर त्यांचीच अक्षरं फिरत होती.

बाबा, खिशातली पाचशेची नोट काढा. लाल किल्ल्याची बाजू वर करा, डावीकडे गांधीजींचा चष्मा आहे, एका भिंगात 'स्वच्छ' आणि दुसऱ्यात 'भारत'. तो आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी केलाय, 2014 च्या खुल्या स्पर्धेत निवडला गेला. आणि त्याच नोटेवरचं रुपयाचं चिन्ह 2010 मध्ये आयआयटी मुंबईतल्या उदय कुमार यांनी केलं: देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एकातच. आई मावशीला "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते. पुढच्या वेळी नोट दाखव म्हणावं.

नव्या जागी काम काय, ते सांगते. इंग्रजीची मोठी-छोटी मिळून 52 अक्षरं, अधिक आकडे आणि चिन्हं. देवनागरीचा फॉन्ट करायचा तर जोडाक्षरं, मात्रा, रफार धरून आकार शेकड्यांनी काढावे लागतात, आणि प्रत्येक वेलांटी खालच्या अक्षराच्या रुंदीप्रमाणे बसवावी लागते. त्यात मराठीची आपली भानगड वेगळीच. आपला 'ल' पाकळीचा, 'श' देठाचा, हिंदीचे वेगळे. शासनाने 2009 च्या निर्णयात आपलेच आकार ठरवून दिलेत, तरी पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदीचेच आधी उमटतात. 'दऱ्या'तला अर्धा र तर कित्येकदा तुटूनच येतो. हे ज्याला खटकतं त्यानेच दुरुस्त करायचं, दुसरं कोण करणार?

आई विचारेल, अक्षरांचे पैसे कोण देतं? विंडोजमधला 'मंगल' र. कृ. जोशींनी केला, तो वेगळा विकत घ्यावा लागत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बलू' कुणीही फुकट वापरू शकतं. मग पोट कसं भरतं? फुकट फॉन्ट करण्यासाठीही काही वेळा मोठी कंपनी पैसे देते. वर्तमानपत्रं, बँका, फोनवाले स्वतःसाठी वेगळा फॉन्ट करून घेतात. आणि बाकीचे विकत जातात, म्हणजे वापरण्याचा परवाना विकला जातो. भारी श्रीमंती नाही, पण एकदा नीट केलेलं अक्षर वर्षानुवर्षं चालतं. पाडव्याची पोस्ट दुसऱ्या दिवशी शिळी.

बाहेरची कामंही थोडी घेईन, स्टुडिओची ना नाही. तिथे आता नियम पक्के केलेत. निम्मे पैसे आधी, दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा वेगळे पैसे, आणि "आधी नमुना करून दाखव, आवडलं तर देऊ" याला नाही. एकाने मागे तीन नमुने फुकट करून घेतले आणि त्यातला एक गुपचूप वापरला. कोण ते राहू दे. पैसे देतानाच टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, तो रिटर्न भरला की हिशेबात धरला जातो, त्यामुळे बाबांनी "दहा टक्के बुडाले" म्हणून घाबरू नये.

आता तुमच्याकडचं एक काम. दिल्लीत हनीफ कुरेशी नावाच्या कलाकाराने रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं घेऊन त्यांचे फॉन्ट केले, पेंटरांच्या नावानेच. नव्या स्टुडिओतल्या बाईंना मी तुमच्या जुन्या बोर्डांचे फोटो दाखवले तेव्हा त्यांनी स्वतःहून तो विषय काढला. फॉन्टचं पुढचं पुढे. सध्या त्यांना तुम्ही इथे येऊन मुलांना एक दिवस ब्रशने अक्षर लिहून दाखवावं असं वाटतंय. फळी, एनॅमल, दोरी सगळं इथे मिळेल, ब्रश मात्र तुमचेच आणा. बारीक अक्षराला हात थरथरतो म्हणून टाळू नका, मोठीच अक्षरं लिहायची आहेत.

मी शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघतेय, शनिवारी सकाळी हातकणंगल्याला उतरेन. आईने उगाच चार पदार्थ करू नयेत, तांबडा रस्सा पुरे. स्टुडिओतल्या बाई बाबांना फोन करतील, पैशांचं विचारतील. दिवसाचा दर आधी आपण दोघं बसून ठरवू, पण तोवर त्यांचा फोन आलाच तर बाबा, "द्या काय ते" म्हणू नका.

तुमची,
मनू