नारिंगी कोल्ह्यावर बोट ठेवा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी मी तुमच्या फोनमध्ये बरीच उलथापालथ करून आले आणि एसटीच्या घाईत धड काही सांगितलं नाही. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

मार्चमध्ये गॅसच्या तक्रारीचा नंबर शोधताना जे झालं, त्यावरून तुम्ही चार दिवस जेवताना गप्प होतात, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. बाबा, तुम्ही शब्द बरोबर टाकले होते. सगळ्यात वर आलेला नंबर मात्र पैसे भरून तिथे बसवलेली जाहिरात होती, आणि 'प्रायोजित' हा शब्द इतका बारीक की चष्मा लावूनही सुटावा. पलीकडच्या माणसाने अ‍ॅप घ्यायला लावलं आणि अठरा हजार गेले. हे माझ्या बाबतीतही घडलं असतं. मला वाईट वाटतं ते याचं, की गेली दोन वर्षं मी फक्त 'बाबा, जपून हं' म्हणत राहिले आणि फोनला हात लावला नाही.

आता काय केलंय ते सांगते. फोनच्या पहिल्या पानावर निळ्या-जांभळ्या गोळ्याला वेढून बसलेला नारिंगी कोल्हा दिसेल. ते फायरफॉक्स. इंटरनेट आता त्यातूनच उघडा.

हेच का? ठरवण्याआधी मी तीन महिने निरनिराळे ब्राउझर वापरून पाहिले. नावं ढीगभर आहेत, पण क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे आतून गूगलच्या क्रोमियम नावाच्या एकाच पायावर चालतात; एकाच गिरणीचं पीठ. फायरफॉक्सचं इंजिन, म्हणजे पान उघडून दाखवणारा आतला भाग, वेगळं; मोझिला नावाच्या संस्थेने २००४ मध्ये फायरफॉक्स आणलं. तुमच्यासाठी खरं कारण मात्र साधं आहे. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन नावाचं जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला लावायची जोड, बसवता येतं. क्रोमच्या मोबाइल आवृत्तीत ती सोय नाही. ब्रेव्ह स्वतःच जाहिराती अडवतो, तेही छान, पण त्यात बक्षिसं, आभासी चलन असलं बरंच काही असतं आणि ते एकेक बंद करत बसावं लागतं. तुमच्या हातात मला ते नको होतं.

दुसरा बदल शोधाचा. वरच्या पट्टीत शब्द टाकले की ते कुणाकडे जातात, हे आधीच ठरवून दिलेलं असतं आणि ते बदलायला सहसा कुणी जात नाही. त्या जागेचं मोल केवढं, तर फोन आणि ब्राउझरांमध्ये आपलाच शोध आधीपासून असावा म्हणून गूगलने २०२१ मध्ये सुमारे २,६३० कोटी डॉलर मोजले. अमेरिकेतल्या खटल्यात हा आकडा बाहेर आला. (मोझिलाचं बरंचसं उत्पन्नही गूगलशी केलेल्या अशाच करारातून येतं, हे तुमच्यापासून लपवत नाही.) तुमच्या पट्टीत मी गूगलऐवजी डकडकगो नावाचं दुसरं शोधयंत्र लावलंय. त्याच्या सेटिंगमध्ये जाहिराती चक्क बंद करता येतात, तशा केल्यात.

त्याचा एक दोष आहे. मराठीत शोधलं की मला गूगलवर जास्त सापडतं. तेव्हा डकडकगोवर नीट काही आलं नाही, तर शब्दांच्या आधी उद्गारचिन्ह आणि इंग्रजी जी टाका, मग एक जागा सोडून शब्द. तोच शोध गूगलवर उघडेल. आणि एखादा सरकारी फॉर्म कोल्ह्यात अडला तर क्रोम आहेच, मी काढलेलं नाही.

आई, तुझ्यासाठी अक्षरं मोठी केलीत. लेख उघडलास की वरच्या पट्टीत कधी कधी कागदासारखं छोटं चित्र येतं, त्यावर बोट ठेव. बाजूचा सगळा पसारा जाऊन नुसता मजकूर उरतो. परवा पुरणाचं प्रमाण वाचताना मध्येच व्हिडिओ वाजायला लागून तू दचकलीस ना, ते होणार नाही.

एवढं करूनही बँक, गॅस, वीज यांचे नंबर इंटरनेटवर शोधूच नका. बँकेचा कार्डाच्या मागे आहे, विजेचा बिलावर, गॅसचा पुस्तकात. तिन्ही मी फोनमध्ये घातलेत, मराठीत नावं देऊन. शेजारी १९३० पण आहे, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा सरकारी नंबर. पुन्हा असं काही झालंच, तर लगेच तो लावायचा आणि नंतर मला. रात्री दोन वाजले असले तरी. चार दिवस थांबायचं नाही, बाबा.

शनिवारी फोन करते. तोवर मराठी विश्वकोश उघडून ठेवा, पहिल्या पानावरच त्याची खूण ठेवली आहे. ज्वालामुखीवरची नोंद अर्धी राहिली होती ना तुमची?

तुमची लेक