‘शस्त्रक्रिया नको’ म्हणणाऱ्या जनुकीय समुपदेशक मॅडमना

आदरणीय मॅडम,

‘या शस्त्रक्रियेचा तुम्हाला उपयोग होणार नाही,’ हे तुम्ही आम्हाला स्पष्ट सांगितलंत. त्यासाठी हे जाहीर आभार.

वीर्यात एकही शुक्राणू नाही हे कळल्यावर दुसरीकडे आम्हाला थेट मायक्रो-टेसेची तारीख मिळाली होती. वृषण उघडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू शोधायचे. वाय गुणसूत्राची तपासणी कुणी सुचवलीच नव्हती. तुम्ही आधी रक्त द्यायला लावलंत.

रिपोर्ट आला तेव्हा तो नुसता हातात ठेवला नाहीत. जेलचा, म्हणजे डीएनएचे तुकडे रेघांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीचा, फोटो मोठा करून दाखवलात. तुलनेसाठी घेतलेल्या पुरुषाच्या रकान्यात जिथे पांढऱ्या रेघा होत्या, तिथे माझ्या रकान्यात एसवाय ८४ आणि एसवाय ८६ या वाय गुणसूत्रावरच्या खुणांच्या (मार्करच्या) जागा काळ्या. बाकीच्या रेघा मात्र जागच्या जागी, म्हणजे तपासणी फसलेली नव्हती. तरीही आजूबाजूचे मार्कर लावून गुणसूत्राचा तो तुकडा पूर्ण गेलाय की अर्धवट, याची खात्री होईपर्यंत तुम्ही मत दिलं नाहीत. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

मग एझेडएफचे, म्हणजे वाय गुणसूत्रावरच्या शुक्राणू घडवायला लागणाऱ्या पट्ट्याचे, ए, बी, सी हे भाग समजावलेत. सी भाग गेला असेल तर निम्म्याच्या आसपास पुरुषांच्या वृषणात शुक्राणू सापडू शकतात. मात्र त्यांतून मुलगा झाला तर दोष त्याच्याकडेही जातो. माझा ए भाग पूर्ण गेलेला. त्यात शुक्राणू घडवणाऱ्या पेशीच नसतात, कितीही शोधलं तरी हाती काही लागत नाही.

‘माझ्याच बाबतीत का?’ या प्रश्नालाही तुम्ही उत्तर दिलंत. डीएनएच्या सुमारे ७ लाख ९२ हजार अक्षरांचा हा तुकडा. त्याच्या दोन्ही बाजूंना प्राचीन विषाणूंचे जवळजवळ सारखे अवशेष असतात. ते चुकून एकमेकांशी जुळले की मधला भाग गळून जातो. वडिलांमध्ये हा दोष असता तर त्यांना मूलच झालं नसतं, म्हणजे तो माझ्यापासूनच सुरू झाला. माझ्या सवयींचा, कामाचा, घट्ट कपड्यांचा काही संबंध नाही. आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी व्यवस्थित आहे, हेही तुम्ही आवर्जून दाखवलंत.

सगळ्यात मोठे आभार पुढच्या वाक्याचे. माझ्या पत्नीकडे वळून तुम्ही म्हणालात, ‘तुमच्या तपासण्या आता पुन्हा करू नका. त्या नॉर्मल आहेत.’ तोवर प्रत्येक नव्या ठिकाणी तिचीच सोनोग्राफी, तिचेच हार्मोन्स पुन्हा तपासले जात होते. खोलीबाहेर आल्यावर ती कितीतरी वेळ रडली, आणि मग म्हणाली, ‘आता बरं वाटतंय.’

दात्याचे शुक्राणू घ्यायचे की मूल दत्तक घ्यायचं, हे अजून ठरलेलं नाही. तुम्हीही घाई केली नाहीत, कुठल्या बाजूला ढकललं नाहीत. ठरलं की पहिल्यांदा तुम्हालाच कळवू.

आपले,
एक कृतज्ञ दांपत्य