आप्पा, बेणं पारखायला शिकवलंत

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

यंदाचा बटाटा निघाला. साल स्वच्छ आहे, व्यापाऱ्याने कुरकुर न करता माल उचलला. मागच्या रब्बीत साक्रीकडच्या आमच्या शेतात येऊन तुम्ही जे दाखवलंत, ते आपल्या खान्देशातल्या बटाटा लावणाऱ्या सगळ्यांना कळावं म्हणून हे आभार उघडपणे मानतो आहे.

तेव्हा कोंब मातीतच काळे पडत होते. वर आलेल्या झाडांच्या बुडाशी तपकिरी चट्टे होते. जो तो वेगळं औषध सांगत होता. तुम्ही गोणीत उरलेलं बेणं, म्हणजे लावणीचे बटाटे, मागवलंत आणि म्हणालात, "पहिले बेनं धुईसन देख." धुतल्यावर माती गेली, पण काळे ठिपके तसेच राहिले, ओले झाल्यावर जास्तच उठून दिसले. त्या रायझोक्टोनिया बुरशीच्या गाठी होत्या. रोग बेण्यावर बसून आमच्या रानात आला होता, आणि या गाठी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. उभ्या पिकात आता औषध ओतून पैसा परत येणार नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. इतकं खरं बोलणारा माणूस अडचणीच्या वेळी भेटणं, हे आमचं भाग्य.

पुढचं सगळं तुमच्या शब्दाने केलं. वैशाखात खोल नांगरट करून रान तापू दिलं. ट्रायकोडर्मा ओलसर शेणखतात मिसळून सावलीत वाढवला, मग सरीत दिला. तीही बुरशीच, पण रोगाच्या बुरशीला विळखा घालून तिच्यावर जगणारी, हे तुमच्याकडूनच कळलं. कोंब फुटलेलं बेणं उथळ लावलं, म्हणजे कोंब लवकर वर येतो आणि बुरशीच्या तावडीत कमी सापडतो; भर नंतर लावली. पाला वाळल्यावर साल पक्की होताच काढणी केली, कारण बटाटा जितका जास्त जमिनीत राहतो तितक्या गाठी वाढतात.

घरचं बेणं शीतगृहात ठेवण्याआधी धुऊन, 3 टक्के बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात 30 मिनिटं बुडवून सावलीत सुकवलं. कोंब यायच्या आधीच हे करायचं, नाहीतर कोंबांना इजा होते. ही एक गोष्ट तुम्ही दोनदा बजावली नसती तर आमच्या लक्षात राहिली नसती.

आता एक विनंती. भुईमुगाच्या तुकड्यात झाडांच्या बुडाशी पांढरे तंतू आणि मोहरीएवढे दाणे दिसले आहेत. ही दुसरी बुरशी, पण तीही बटाट्याला लागते असं तुम्ही सांगितलं होतं, म्हणून तिथे बटाटा न लावता ज्वारी घेणार आहोत. पेरणीआधी एकदा येऊन रान बघून जा. आईने आठवणीने नमस्कार सांगितला आहे.

आपला,
पांझरेकाठचा एक शेतकरी